दुर्बिणीतली खोट

"आणखी एक वर्ष थांबू या का?" जयवंत म्हणाला.

पुण्यातल्या त्या दुकानात मी काचेच्या कपाटाला पाठ टेकून उभी होते. कऱ्हाडहून पहाटेच्या एसटीनं आलो होतो. मी शाळेतून किरकोळ रजा काढली होती, नवरात्राचे उपास चालू होते आणि पोटात साबुदाण्याची खिचडी सोडून काही नव्हतं. दुकानदार फडतरे दुर्बिणीचं खोकं उघडून, आतला थर्माकोल काढून, माझ्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसले होते.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"नाही, म्हणजे दुर्बीण हीच घ्यायची. त्यात आता वाद नाही. फक्त यंदाच्या ऐवजी पुढच्या वर्षी..."

"यंदाचं काय वाकडं आहे?"

"यंदा ती कडी..."

"पुरे," मी म्हणाले. "आता एक शब्दही बोलू नका. फडतरे, बांधा ती."

फडतऱ्यांना हसू आवरेना. "वहिनी, साहेब आले की मी सवयीनं चहा सांगतो. बिलबुक काढायची वेळ आज पहिल्यांदा आली."

जयवंतनं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. शिक्षिकेला वर्ग गप्प कसा करायचा हे माहीत असतं, आणि नवरा म्हणजे एकाच मुलाचा वर्ग.

माझा नवरा वजनमापे खात्यात निरीक्षक होता. दुकानदारांचे तराजू खरे की खोटे हे बघण्यात त्याचा दिवस जायचा आणि संध्याकाळी ती नजर तो घरी घेऊन यायचा. आमच्याकडे प्रेशर कुकर यायला दोन दिवाळ्या लागल्या. गादी घेताना त्यानं कापूस पिंजणाऱ्याला इतके प्रश्न विचारले की तो बिचारा म्हणाला, साहेब, तुम्हीच पिंजा. आपली निवड चुकली असं त्यानं आयुष्यात कधी कबूल केलं नव्हतं, कारण चुकायला आधी निवडावं लागतं.

दुर्बिणीचा अभ्यास लग्नाआधीपासून चालू होता. आधी ठरलं, आरशाची घ्यायची, कारण त्याच किमतीत मोठा आरसा मिळतो आणि जितकं तोंड मोठं तितका उजेड जास्त. मग कुठं तरी वाचलं की आरसा धक्क्यानं हलतो आणि दरवेळी जुळवत बसावा लागतो. मग ठरलं, भिंगाची. मग कळलं की स्वस्त भिंगातून तेजस्वी ताऱ्याभोवती जांभळी झालर दिसते. मग चांगलं भिंग शोधण्यात दोन-तीन वर्षं गेली. त्यानंतर एके दिवशी तो आंघोळीतून ओल्या अंगानं बाहेर आला आणि म्हणाला, "वृंदा, नळी महत्त्वाची नाहीच! तिचे पाय महत्त्वाचे." आभाळ फिरतं, त्याच्या बरोबरीनं दुर्बीणही फिरली पाहिजे, पाय डुगडुगले तर फोटोत ताऱ्यांच्या ठिपक्यांचे लांबट तांदूळ होतात, वगैरे. मी टॉवेल आणून दिला. मग पायांचा अभ्यास सुरू झाला. कुणी पाहुण्यानं "किती पट मोठं दिसतं हो?" असं विचारलं की त्याच्या कपाळाची शीर उडायची. "पट विचारू नका. पट कितीही वाढवता येते. तोंड किती इंची ते विचारा." पाहुणे पुढच्या खेपेला काहीच विचारत नसत.

मी हे सगळं हसत ऐकत होते असं नाही. मला ती दुर्बीण हवी होती. त्याच्यापेक्षा जास्त हवी होती, आणि त्याचं कारण त्याला माहीत होतं.

माझ्या पत्रिकेत सप्तमात शनी आहे. त्यावरून मला किती ठिकाणांहून नकार आला ते आमच्या दादांनी मला कधी सांगितलं नाही. जयवंत मला बघायला आला तेव्हा मध्यस्थांनीच विषय काढला, नंतर भांडण नको म्हणून. दादांची मान खाली गेली. जयवंतची आई, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई, हातातली बशी खाली ठेवून उठायच्या बेतात होत्या. तेवढ्यात हा म्हणाला, "शनी? फार देखणा ग्रह आहे तो. भोवती कडी आहेत. लग्न झालं की मी यांना दुर्बिणीतून दाखवीन." तोवर माझ्या शनीला देखणा म्हणणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी त्याच घटकेला मनातून हो म्हटलं.

पुढं आम्हाला मूल झालं नाही. कऱ्हाडचे डॉक्टर झाले, कोल्हापूरचे झाले. सासूबाई वाईट नव्हत्या. त्या मला घालूनपाडून बोलल्या असं कधी झालं नाही. त्या फक्त दर शनिवारी माझ्या नावानं शनीला तेल वाहून यायच्या आणि आल्यावर पायरीवर बसून म्हणायच्या, "बघू या, त्याच्या मनात कधी येतंय." इतकंच. दर शनिवारी. दूध नासलं, मोटार बंद पडली, माझी बढती हुकली, तरी त्या आभाळाकडे बघत, माझ्याकडे बघत नसत. मी बी.ए., बी.एड. झालेली बाई. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी स्टाफरूममध्ये ठासून सांगायची. पण शनिवारी सकाळी त्या तेलाची वाटी भरू लागल्या की मी काही तरी निमित्त काढून मागच्या दारी जायची. मला एकदा तो शनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. तो नुसता एक देखणा गोळा आहे, त्याच्याभोवती कडी आहेत, आणि आपल्याशी त्याचं काही देणंघेणं नाही, एवढं मला बघून खात्री करून घ्यायची होती. आणि माझा नवरा मात्र पाय निवडत बसला होता.

म्हणून त्या दिवशी दुकानात मी त्याला बोलू दिलं नाही.

फडतऱ्यांनी चार इंची भिंगाची नळी, जाडजूड तिकाटणं, त्यावरचं फिरतं यंत्र असं सगळं बांधलं. कॅमेऱ्यावरून जयवंतला पुन्हा एकदा उभारी आली. मोठा कॅमेरा घ्यावा की छोटा?

"साहेब, ग्रहांसाठी हा छोटा बरा," फडतरे म्हणाले. "दुर्बिणीत डोळा लावतो तिथं बसवायचा, वायर कॉम्प्युटरला. तो भराभर चित्रं घेतो, त्यातली चांगली निवडून एकावर एक रचायची. तेजोमेघबिघ काढायचे झाले तर मोठा लागतो, आणि त्याच्या वजनाला हे पाय..."

"छोटा," मी म्हणाले.

"पण वृंदा, मोठ्यात पुढं सोय..."

"छोटा."

एसटीत तो खिडकीला बसला, मांडीवर भिंगाचं खोकं धरून. बराच वेळ बाहेर बघत होता. मला वाटलं, निवड संपली म्हणून त्याला चुकल्यासारखं झालं असेल. निवृत्त झालेल्या माणसांचं होतं तसं.

दुसऱ्याच संध्याकाळी गच्चीवर दुर्बीण उभी राहिली. गुरू दिसला, त्याच्या बाजूला ओळीनं चार चंद्र. इतके स्वच्छ की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सासूबाई सुद्धा वर आल्या, एक डोळा हातानं मिटून दुसरा लावला आणि म्हणाल्या, "अगो बाई, याला पोरं आहेत की." मग माझ्याकडे न बघता खाली उतरल्या.

"शनी कधी?" मी जयवंतला विचारलं.

"तो सध्या पहाटे उगवतो. तुझी झोप मोडेल."

"मोडू दे."

"अजून जरा वर येऊ दे. दिवाळीनंतर बघू."

आली का पुन्हा तीच रड, असं मला झालं. पण दुर्बीण घरात आली होती आणि शनी कुठं पळून जाणार नव्हता. मी दम धरला.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. हत्यारं म्हणजे जयवंतची कचेरीतली पितळी वजनं, माझं शिवणयंत्र, विळी आणि सासऱ्यांचा जुना अडकित्ता. त्या वर्षी सासूबाईंनी पाटावर दुर्बीणही ठेवायला लावली. जयवंत झेंडूची फुलं आणायला मंडईत गेला आणि मी स्वयंपाकात होते. सासूबाईंना भक्तिभावात काही कमी पडलेलं चालत नसे. त्यांनी पुढचं झाकण काढलं, कुंकू पाण्यात कालवलं आणि भिंगावर मधोमध बोटानं ठसठशीत स्वस्तिक काढलं. वर हळद, वर अक्षता.

जयवंत फुलं घेऊन आला, पाटाकडे बघितलं आणि फुलांची पिशवी हातात धरून तसाच उभा राहिला.

"काय झालं रे?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई."

"मग असा का उभा?"

"छान झालीय पूजा."

दुपारभर तो आतल्या खोलीत दार लावून कापूस, ब्रश आणि कसलंसं पाणी घेऊन बसला. बाहेर आल्यावर म्हणाला, गेलं सगळं, ओरखडासुद्धा नाही. सासूबाई ओसरीवरून ऐकत होत्या. नंतर परतीच्या पावसाचे ढग आले, मग त्याच्या कचेरीतली तपासणी आली, आणि दिवाळीपर्यंत दुर्बीण झाकूनच राहिली.

नरकचतुर्दशीला मी अलार्मच्या आधी उठले. अंगाला तेल लागलं होतं, उटणं भिजवून ठेवलं होतं, बंब पेटला होता. पहिल्या आंघोळीला सगळी आळी जागी असते, त्यामुळे झोप मोडण्याची सबब त्या दिवशी चालणार नव्हती. मी तेलकट केसांवर शाल घेतली आणि गच्चीवर गेले. जयवंत तिथं आधीच होता. दुर्बीण पूर्वेकडे वळवलेली होती.

"दिसला?" मी विचारलं.

तो दचकला. "वृंदा, आज हवा बरी नाही. फटाक्यांचा धूर आहे. आपण पुन्हा कधी तरी..."

"सरका."

मी डोळा लावला. फिकट पिवळा गोळा होता, थरथरत होता. आणि त्याच्यातून आरपार एक बारीक रेघ गेली होती, मण्यात टाचणी अडकावी तशी. कडी नव्हती. मी डोळा चोळून पुन्हा लावला. लहानपणापासून प्रत्येक पुस्तकात, प्रत्येक कॅलेंडरवर ज्याच्याभोवती कडी पाहिली होती, त्या शनीला माझ्यापुढं आल्यावर कडी नव्हती.

"हा शनीच ना?" मी विचारलं.

"हो."

"मग कडी कुठं आहेत?"

तो काही बोलायच्या आत जिन्यात दिव्याचा उजेड दिसला. सासूबाई पणती घेऊन वर आल्या. "आंघोळी सोडून काय चाललंय दोघांचं? शनी आहे होय? मला बघू दे." त्यांनी पणती कठड्यावर ठेवली, डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"अरे, याचं कडं कुठाय? चित्रात तर असतं." मग त्या हळूच माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती, आणि तीच मला नको होती. "बाई गं... म्हणजे दर्शनसुद्धा धड द्यायचं नाही असं त्यानं..."

"दुर्बीण खोटी आहे," जयवंत म्हणाला.

आम्ही दोघी त्याच्याकडे बघायला लागलो.

"दुर्बीणच खोटी निघाली, आई. भिंग घडवतानाच चूक झालीय. कडी आहेत तिथं, हिच्यातून दिसत नाहीत." त्यानं नळीवर झाकण बसवलं. "माझी निवड चुकली."

हे शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. सासूबाई काही तरी बोलणार होत्या, त्या थांबल्या. मग पणती उचलून खाली गेल्या. मी शालीचं टोक तोंडात धरून उभी राहिले, कारण खाली आळीत बायका आंघोळीची गाणी म्हणत होत्या आणि मला हुंदका आला होता. दुर्बीण खोटी असेल, असेलही. पण गुरूनं त्याची चारही पोरं दाखवली होती आणि शनीनं मला रिकामा हात दाखवला होता, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

जयवंतनं तरी कॅमेरा लावून फोटो काढलाच. "तक्रार करायला पुरावा लागेल," म्हणाला.

भाऊबिजेला नणंद आणि तिचे यजमान सदाभाऊ आले. सदाभाऊंना सातारा जिल्ह्यात विनोदी म्हणून मान होता. त्यांनी संगणकावर तो फोटो बघितला.

"जयवंतराव, हा शनी की सदऱ्याचं बटण?"

"दुर्बिणीत खोट आहे," जयवंत म्हणाला.

"इतकी वर्षं निवडून खोटी आणलीत? आणि तुम्ही लोकांचे तराजू तपासता!"

सगळे हसले. जयवंतही हसला. कुकरच्या शिट्टीवरून वाद घालणारा माझा नवरा लाडवाचा तुकडा मोडत, मान डोलवत, हसत होता. पुढचे आठ-दहा दिवस जो येई तो हेच बोलून जाई, आणि तो प्रत्येकाला तेच उत्तर देई. मला त्याची दया आली नाही. खरं सांगायचं तर थोडं बरंच वाटलं. दुकानात मी त्याचं ऐकलं असतं तर अजून वर्षभर तो हीच खोटी दुर्बीण निवडत बसला असता, असंही मनात आलं.

एक शंका मात्र मी कुणाला बोलून दाखवली नव्हती. कुंकवाच्या आधी गुरू लख्ख दिसला होता. कुंकवानंतर शनी बिघडला. कदाचित जयवंतनं आईला सांभाळून घेतलं असेल. सुट्टी संपल्यावर मी तो फोटो छापून घेतला आणि शाळेत नेला. आमच्याकडे विज्ञानाला मुजावर बाई होत्या. मी त्यांना एका बाजूला घेतलं.

"शहनाज, एक विचारू? हसू नकोस. कुंकवानं भिंग बिघडतं का?"

"कसलं भिंग?"

मी फोटो पुढं केला. "शनी आहे. कडी गायब झालीत. हे म्हणतात दुर्बीण खोटी, पण मला वाटतं कुंकवानं..."

मुजावर बाईंनी फोटो खिडकीपाशी नेला. चष्मा वर सरकवला, पुन्हा खाली घेतला.

"हा तुम्ही काढलात? घरी?"

"ह्यांनी. का?"

"वृंदा, ही रेघ बघ किती सलग आलीय! एवढी बारीक रेघ धरायची म्हणजे भिंग अव्वल पाहिजे. ही दुर्बीण खोटी म्हणणारा माणूस कोण?"

"पण कडी?"

"हीच कडी आहेत. यंदा ती आपल्याकडे नेमकी आडवी वळलीत. दर चौदा-पंधरा वर्षांनी वळतात. पातळ असतात ना, कडेनं बघितलं की नुसती रेघ उरते. पृथ्वीवर कुठूनही बघ, आत्ता असाच दिसणार. पुढच्या वर्षापासून पुन्हा उघडायला लागतील." मग त्या म्हणाल्या, "कुणी सांगितलं नाही का तुला? दुर्बीण घ्यायला एक वर्ष थांबली असतीस तर पहिल्या दिवशीच कडी दिसली असती. ज्यांना यातलं कळतं ते सगळे हेच सांगतात."

तास सुरू झाल्याची घंटा झाली. आठवीच्या वर्गात मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. 'यंदा ती कडी' असं म्हणून तो दुकानात थांबला होता, नव्हे, मी थांबवला होता. इतक्या वर्षांत त्याच्याकडे थांबायचं खरं कारण एकदाच होतं, आणि त्या एकाच वेळी मी त्याला बोलू दिलं नव्हतं. बरं, गच्चीवर तरी सांगता आलं असतं. पण पणती घेऊन त्याची आई समोर उभी होती. इतक्या वर्षांनी सून शनीला बघायला गेली आणि नेमकं त्याच वर्षी शनीनं कडी लपवली, हे त्या माउलीनं मरेपर्यंत सोडलं नसतं. ते वाक्य तिच्या ओठांवर आलंच होतं. म्हणून यानं आपली अव्वल दुर्बीण खोटी ठरवली, सदाभाऊंच्या हाती स्वतःला दिलं आणि लाडू खात बसला. मला एकटीला सांगितलं असतं तर सदाभाऊ हसताना मी गप्प बसले नसते, हे त्याला माहीत होतं. मला वर्गातच त्याचा भयंकर राग आला आणि तितकीच मायाही आली.

संध्याकाळी घरी आले तेव्हा तो गच्चीवर होता. "दुरुस्त करतोय," सासूबाई म्हणाल्या. गेले काही दिवस तो कचेरीतून आला की पेचकस घेऊन वर जात असे. मी कणीक मळून पोळ्या लाटायला घेतल्या. सासूबाई जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. त्यांच्या दोन जुड्या निवडून झाल्या.

"वृंदा, एक सांगायचं होतं," त्या मग म्हणाल्या. "त्याला सांगू नकोस."

"काय, आई?"

"दुर्बीण खोटी नव्हती. मी बिघडवली. कुंकू लावलं त्या काचेला. आधी गुरू कसा चांगला दिसला होता! मला काय कळत नाही? लोक त्याला हसतात, सदा काय वाट्टेल ते बोलला, आणि हा माझ्यासाठी ऐकून घेतोय." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आणि तुझी एवढी इच्छा होती बघायची. तिच्यात माझाच खोडा. मी तुझ्या शनीला काय काय बोलते दर वेळी... यापुढं नाही बोलायची."

तव्यावरची पोळी फुगली. मी ती उतरवली, दुसरी टाकली. मी गप्प बसले तर त्या आयुष्यभर गप्प बसणार होत्या. शनीचा विषय या घरात पुन्हा निघणार नव्हता. आणि खरं सांगितलं तर त्यांना ते वाक्य मिळणार होतं, गच्चीवर अर्धं राहिलेलं, आणि तेही माझ्याच तोंडून. मी विचार करत राहिले आणि दुसरी पोळी करपली. सासूबाई मान खाली घालून मेथीचे देठ खुडत होत्या, आणि पानं टाकून देठच परातीत ठेवत होत्या. माझ्यानं बघवेना.

"आई, तुमच्या कुंकवानं काही झालेलं नाही," मी म्हणाले. "दुर्बीण चांगली आहे. शनीचीच कडी यंदा आडवी झालीत."

"आडवी म्हणजे?"

मी ताटलीतली पोळी उचलली आणि त्यांच्या समोर धरली. "आता कशी दिसतेय?"

"गोल."

मी ती दोन्ही तळहातांवर डोळ्यांच्या रेषेत आडवी धरली. "आणि आता?"

"नुसती कड." त्या पोळीकडे बघत राहिल्या. मी वाट बघत होते. आता म्हणतील, आता म्हणतील. त्यांनी डोळे बारीक केले. "म्हणजे तो असा सदाला पण दिसणार?"

"सदाभाऊंना पण."

"मुंबईला?"

"मुंबईला, अमेरिकेत, सगळीकडे."

"शिंगणापुरातनं बघितला तरी?"

"तिथूनसुद्धा असाच."

त्यांनी हातातली मेथी खाली ठेवली. "म्हणजे तुझ्यावर त्याचा काही राग नाही."

"नाही, आई. त्याला मी माहीतसुद्धा नाही."

सासूबाईंनी माझ्या हातातली पोळी घेऊन स्वतःच एकदा आडवी धरली. मग म्हणाल्या, "मग इतकी वर्षं मी तेल कुणाला घातलं गं?"

कडी बघून जे मला कळायला हवं होतं, ते कडी न दिसल्यामुळे त्यांना कळलं होतं. मी पोळपाटासमोरच बसून रडले, पीठ लागलेल्या हातांनी. त्यांनी मला रडू दिलं. मग उठून तव्याखालचा गॅस बारीक केला.

"जयाला कळू देऊ नकोस आपल्याला कळलंय ते," त्या म्हणाल्या. "एवढं जिवावर उदार होऊन खोटं बोललाय. आयुष्यात पहिल्यांदा."

"नाही सांगत."

त्या कमरेवर हात ठेवून जिन्यापाशी गेल्या आणि वर तोंड करून ओरडल्या, "काय रे, सापडली का खोट?"

वरून पेचकस खाली ठेवल्याचा आवाज आला. "सापडली, आई. एक भाग बदलावा लागणार आहे. परदेशातून मागवायचाय. वर्षभर तरी लागेल."

सासूबाई माझ्याकडे वळल्या आणि हळू आवाजात विचारलं, "कडी पुन्हा दिसायला किती लागेल गं?"

"वर्षभर."

"बरोबर सांगतोय मग," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातलं लाटणं घेऊन पोळ्या लाटायला बसल्या.